पुणे, चौकट आणि एक बाइट

परवा माळा आवरताना कॉलेजातली एक फ्लॉपी सापडली. ती वाचणार कशात? पण लेबलवर माझ्याच अक्षरात ‘असेंब्ली’ दिसलं आणि १९९४ सालची ती संध्याकाळ आठवली.

टर्बो पास्कलच्या प्रोग्रॅमला मी एक छोटंसं असेंब्ली रुटीन जोडलं होतं. काम साधं, पास्कलने दिलेली स्ट्रिंग स्क्रीनवर छापायची. इंग्रजी चार अक्षरांत ‘पुणे’ पाठवलं. स्क्रीनवर आधी आली पत्त्यांतली चौकट, मग पुणे, आणि मग कचराच कचरा, मधूनच बीप! शेजारचा मित्र म्हणाला, "काय रे, पत्ते वाटतोयस का?"

गंमत अशी, की असेंब्लीला ‘स्ट्रिंग’ ही भानगडच माहीत नसते. तिच्या हातात पडतो फक्त मेमरीतला पत्ता. तिथून पुढचे किती बाइट आपले, हे कुणीतरी सांगावं लागतं. टर्बो पास्कल ते पहिल्याच बाइटमध्ये लिहायचं. चार अक्षरं म्हणून ४, आणि पीसीच्या अक्षरसंचात ४ म्हणजे चौकट! डॉसचं नऊ नंबरचं फंक्शन मात्र डॉलरचं चिन्ह दिसेपर्यंत छापत सुटायचं. ही खोड सीपी/एमकडून आलेली. माझ्या स्ट्रिंगमध्ये डॉलर होता कुठे?

हा घोळ माझ्याहून जुना आहे. बीसीपीएल भाषेत लांबीचा आकडा स्ट्रिंगच्या सुरुवातीला असे. तिच्यावरून केन थॉम्प्सनने केलेल्या बी भाषेत आकडा गेला, शेवटी खूण आली. १९७२ च्या सुमाराला डेनिस रिचीच्या सी भाषेत ती खूण म्हणजे शून्य झाली. रिचीने पुढे कारणही लिहून ठेवलंय: एका बाइटात आकडा ठेवला की लांबीवर मर्यादा येते, आणि आकडा सांभाळत बसण्यापेक्षा खूण सोयीची वाटली. पटण्यासारखं आहे. टर्बो पास्कलची स्ट्रिंग २५५ अक्षरांवर अडायचीच की!

पण या सोयीबरोबर एक सवय लागली: नुसता पत्ता द्यायचा, जागा किती ते सांगायचंच नाही. सीच्या ‘गेट्स’ फंक्शनला असाच नुसता पत्ता मिळे. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म सुटला. त्याने फिंगर सर्व्हरच्या ५१२ बाइटच्या जागेत ५३६ बाइट कोंबले आणि व्हॅक्स मशीन ताब्यात घेतली. ‘गेट्स’ला सीच्या प्रमाणातून काढायला मात्र २०११ उजाडलं.

माझ्या रुटीनने फक्त बीप काढले, स्वस्तात सुटलो. तेव्हापासून कुणी कोडमध्ये मला नुसता पत्ता दिला, की मी आधी विचारतो, "थांबायचं कुठे?" कोड रिव्ह्यूमध्ये पोरं वैतागतात. वैतागू देत. चौकट त्यांनी पाहिलेली नाही, मी पाहिलीये.