रेकॉर्ड पारखण्याची कुळकथा

बेळगाव-निपाणीकडे जुन्या घराचा माळा उपसला की एकाच ट्रंकेतून दोन कुळांच्या रेकॉर्डी निघतात. लाखेच्या जड आणि ठिसूळ, विनाइलच्या हलक्या आणि लवचीक. आजचं गिऱ्हाईक त्यांना 'मिंट', 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस) अशा श्रेण्या लावतं. ही श्रेणीपद्धत जगभर पसरली ती 1974 साली अमेरिकेत निघालेल्या 'गोल्डमाइन' नियतकालिकामुळे. तिचं काम भाव ठरवण्याचं : जवळजवळ कोऱ्या रेकॉर्डच्या निम्मा भाव व्हीजी प्लसला, पाव भाव व्हीजीला. पारख मात्र त्याआधीची आहे आणि तिचं मूळ लाखेत आहे.

1902 साली ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्गने कोलकात्यात गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. 1908 साली कोलकात्यातच कारखाना निघाला. लाख आपल्याच जंगलांतली, पण तबकडीत निम्म्याहून जास्त भर दगडाच्या पुडीची. ही पूड मुद्दामच घातलेली असे. पोलादी सुई तिच्यावर घासून चराच्या मापाची व्हावी, हा हेतू. म्हणून एका बाजूला एक सुई, असा नियम होता. काटकसरीच्या घरांत तो पाळला जाईलच असं नव्हतं. बोथट सुई, वर ती धरणारा शंभर ग्रॅमहून जास्त वजनाचा साउंडबॉक्स. काळे चर राखाडी पडत.

म्हणून पहिली कसोटी राखाडीची. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरायची आणि लेबलाजवळचे चर बघायचे. तीन मिनिटांत बसवलेल्या ख्यालात दाणेदार ताना शेवटी येतात, आणि नेमकी तिथेच वर्तुळं लहान होत जातात. जोरकस आवाज आणि अरुंद वळण एकत्र आलं की सुई तिथे सर्वांत जास्त खाते. ती बोटभर पट्टी काळीभोर असेल तर बाकीची रेकॉर्ड सहसा शाबूत असते. दुसरी कसोटी कानाची. कडा धरून बोटाच्या पेराने हलकं वाजवायचं. केसाएवढा तडा असला तर तडकलेल्या मडक्यासारखी बद्द वाजते. असा तडा चरांतून आरपार गेला असेल तर गाण्यात दर फेऱ्याला एक, म्हणजे मिनिटाला 78 वेळा 'टक' ऐकू येतं. आणि पुसायला स्पिरिट कधीही नाही. लाख त्यात विरघळते.

1948 साली कोलंबिया कंपनीने विनाइलची एलपी आणली आणि सगळी मापं बदलली. लाखेच्या 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या, म्हणजे '78'च्या सुईचं टोक साधारण 0.076 मिलिमीटरचं, एलपीचं 0.025. आता नखाला लागणारा चरा, उन्हाने आलेला बाक, मधल्या भोकाभोवतीचे ओरखडे बघायचे. हे ओरखडे जितके दाट, तितकी रेकॉर्ड जास्त वाजलेली. एक दोष मात्र डोळ्याला सहज दिसत नाही. पुष्कळ प्लेअरांत सुई उलटवायची सोय असे, एक बाजू 78 ला, दुसरी एलपीला. सुई उलटवायची राहून गेली की एलपीचे चर रुंद टोकाखाली चेंगरतात. अशी रेकॉर्ड दिसते कोरी आणि वाजते खरखरीत. त्यामुळे एलपी ऐकल्याशिवाय घेऊ नये.

सीमाभागात श्रेणीपेक्षा वरचढ ठरतं ते लेबल. इथलं गाणं मराठी आणि कानडी या दोन भाषांच्या मधे वाढलं. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व, मराठी रंगभूमी गाजवणारे कुंदगोळचे सवाई गंधर्व, हुबळीच्या गंगूबाई हनगल. गंगूबाईंच्या सुरुवातीच्या रेकॉर्डींवर 'गांधारी' असं नाव छापलेलं असे. ते ठाऊक नसलेला माणूस अशी तबकडी घासलेली म्हणून बाजूला सारतो. नाटकाच्या गाजलेल्या पदाची रेकॉर्ड घासलेली निघाली तर दुसरी शोधता येते. दुर्मीळ तबकडीला हा पर्याय नसतो.

शिवाय राखाडी म्हणजे मुकी, असंही नाही. जुन्या सुयांनी चराची भिंत एका विशिष्ट उंचीवरच खाल्लेली असते. 78 चं डिजिटल रूपांतर करणारे जाणकार म्हणूनच वेगवेगळ्या जाडीच्या सुया लावून बघतात. किंचित रुंद सुई वरच्या न झिजलेल्या भागावर टेकते आणि खरखरीखालून आवाज वर येतो. तेव्हा माळ्यावरची राखाडी 78 भंगारवाल्याला देण्याआधी लेबल वाचावं, आणि नाव ओळखीचं वाटलं तर निकाल सुईवर सोडावा.