गुडघ्यातील कूर्चा : स्त्री-पुरुषांमधील फरक

सांध्यात हाडांच्या टोकांवर असणाऱ्या गुळगुळीत, लवचीक आवरणास कूर्चा म्हणतात. तिला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातूनच तिचे पोषण होते. त्यामुळे तिची झीज सहसा भरून येत नाही.

स्त्रियांच्या गुडघ्यातील कूर्चा पुरुषांपेक्षा सरासरीने पातळ असते. पन्नाशीनंतर गुडघ्याची झीज स्त्रियांत अधिक आढळते. रजोनिवृत्तीनंतर घटणारे इस्ट्रोजेन हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. मात्र हे संप्रेरक बाहेरून दिल्याने कूर्चा वाचते, असे सिद्ध झालेले नाही.

कामाचा भारही महत्त्वाचा. सांगली परिसरातील हळदीच्या शेतात उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्या, सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या स्त्रियांच्या गुडघ्यांवर वर्षानुवर्षे ताण पडतो. दुखणे मात्र 'वयोमानाचे' म्हणून अंगावर काढले जाते.

रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून रोपण करण्याची पद्धत स्वीडनमधील शल्यविशारदांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. ती मर्यादित जखमांसाठी आहे, सर्वत्र झिजलेल्या गुडघ्यासाठी नव्हे. म्हणूनच वजनावर नियंत्रण, मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वेळीच तपासणी यांना पर्याय नाही.