दिव्यांग मुलाला घरीच शिकवायचंय? कायदा काय सांगतो आणि अंगणातून सुरुवात कशी करायची?

मुंबई-गोवा महामार्गावरचं पाली. इथून रत्नागिरी शहर साधारण २० किलोमीटर. घरात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेलं लहान मूल असेल, तर स्पीच थेरपीसाठी बहुतेकदा शहर गाठावं लागतं. एसटीची वाट, प्रवास, नंबर लागेपर्यंत बसणं यात अर्धा दिवस जातो आणि प्रत्यक्ष थेरपी होते तासभर. बाकी सगळा आठवडा मूल घरी, पडवीत आणि अंगणात असतं.

मग या उरलेल्या वेळाचीच शाळा केली तर? हो, करता येते. पण एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा: शिक्षण घरी आणा, मुलाचं नाव मात्र शाळेच्या पटावरून काढू नका. का, ते पाहू.

घरी शिकवणं कायद्यात बसतं का?

भारतात होमस्कूलिंगसाठी वेगळा कायदा नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ हा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शाळेत शिकण्याचा हक्क देतो. २०१२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 'गृहाधारित शिक्षण' निवडण्याचा हक्क मिळाला. इथे 'तीव्र' याचा अर्थ ढोबळमानाने ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व.

या तरतुदीमुळे शाळा हात झटकून मोकळी होत नाही. मुलाची नोंद शाळेत राहते आणि समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षकाने घरी येऊन मार्गदर्शन करणं अपेक्षित असतं. पटावर नाव नसेल तर या मदतीवर हक्क सांगणं अवघड होतं.

दिव्यांगत्व यापेक्षा कमी असेल तर? तर शाळेत जाणं हाच मुलाचा हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार शासकीय, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्कही याच कायद्यात आहे. अशा मुलांसाठी घरचं शिक्षण हे शाळेला जोड म्हणून असावं.

मूल सहा वर्षांपेक्षा लहान असेल तर शाळेची सक्ती नाही. घर आणि अंगणवाडी दोन्ही एकत्र चालवता येतात. दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं, यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र प्रोटोकॉलही जाहीर केला आहे.

खेळातून शिक्षण ही कल्पना परदेशी आहे का?

अजिबात नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाडला हेच केलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पानं, शिंपले, माती हीच साधनं झाली. मुलं वर्गात येत नाहीत, तर वर्ग मुलांच्या अंगणात न्यायचा, हा 'अंगणवाडी'चा मूळ विचार. त्यांचं काम खास दिव्यांग मुलांसाठी नव्हतं, पण पद्धत इथे तशीच्या तशी उपयोगी पडते.

आताचा पुरावा शेजारच्या गोव्यातला आहे. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे ऑटिझम असलेल्या ६५ मुलांवर एक चाचणी झाली. तज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते घरी जायचे. पालक मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा आणि तो पालकांसोबत पाहून काय जमलं यावर बोलायचं, अशी पद्धत. २०१६ मध्ये निकाल आला. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. दोघांनी एकाच गोष्टीत लक्ष देण्याच्या मोजमापात मात्र निकाल उलटा आला. म्हणजे ही जादू नाही, पण घरच्या खेळातून संवाद वाढतो याला आधार आहे.

कोकणातल्या घरात काय काय करता येईल?

झोपाळा: पडवीतला झोपाळा चार झोके देऊन थांबवा. घाई न करता मनात दहापर्यंत मोजा. मुलाने पाहिलं, हात हलवला किंवा 'अजून' म्हटलं की लगेच झोका द्या. मागितलं की मिळतं, ही भाषेची पहिली पायरी आहे.

माती आणि शेण: सारवण, चिखलाचे लाडू, पावसाळ्यात भाताच्या खाचरात अनवाणी चालणं. हाताच्या पंज्याला आणि पायांना जोर लागतो. ओलं, चिकट नको वाटणाऱ्या मुलाला आधी काठीने, मग एका बोटाने हात लावू द्या. जबरदस्ती नको.

बिया आणि करवंट्या: चिंचोके, आठळ्या, शिंपले वेगवेगळ्या करवंट्यांत टाकणं. यातून वर्गीकरण, मोजणी आणि चिमटीची पकड येते. हीच पकड पुढे पेन्सिल आणि शर्टाच्या बटणाला लागते.

रातांबे: उन्हाळ्यात रातांबे फोडून बिया वेगळ्या करणं. रंग, वास, चव आणि 'आधी हे, मग ते' असा क्रम एकाच कामात येतो.

चालणं: गडग्याच्या कडेने, चढ-उताराच्या पायवाटेवर रोज २० मिनिटं. अमेरिकेत २००९ मध्ये एडीएचडी असलेल्या १७ मुलांच्या अभ्यासात, शहरी रस्त्यापेक्षा बागेत २० मिनिटं चालल्यावर एकाग्रता सुधारलेली दिसली. अभ्यास छोटा आहे, पण करून पाहायला खर्च नाही.

मग हा नुसता खेळ नाही कशावरून?

फरक वहीत असतो. एका वेळी दोनच उद्दिष्टं घ्या आणि ती मोजता येतील अशी लिहा. 'बोलायला शिकेल' असं लिहू नका. 'झोपाळा थांबवल्यावर १० पैकी ६ वेळा खुणेने मागेल' असं लिहा. रोज एक ओळ नोंद ठेवा. महिन्याने आकडा हलला नाही तर मुलाला दोष न देता कृती बदला. विशेष शिक्षक जो वैयक्तिक शैक्षणिक आराखडा बनवतात, त्याला या नोंदी थेट उपयोगी पडतात.

अंगणातले धोके विसरू नका

काजूच्या ओल्या बीच्या सालीतल्या तेलाने कातडी भाजते, त्यामुळे ती खेळात नकोच. दगड, लाकडं आणि पाचोळ्यात विंचू, साप असू शकतात. ऑटिझम असलेल्या काही मुलांना न सांगता निघून जायची सवय आणि पाण्याची ओढ असते. विहिरीला जाळी, बेड्याला कडी आणि पावसाळ्यात पऱ्याकडे जाताना मुलाचा हात हातात, हे हवंच. लहान मुलं वस्तू तोंडात घालतात, म्हणून बियांचा खेळ मोठ्यांच्या नजरेसमोरच.

मदत कुठे मागायची?

अंगणवाडी किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. तिथून मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतं.

दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. बहुतेक योजनांचं दार इथूनच उघडतं.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची चौकशी करा. गृहाधारित शिक्षणाची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व असेल तर 'निरामय' आरोग्य विमा आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात थेरपीचा खर्चही येतो.

रत्नागिरीत आविष्कार संस्थेची बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी विशेष शाळा आहे. प्रवेश घ्यायचा नसला तरी एकदा पाहून यायला हरकत नाही.

पुढे परीक्षा द्यायची वेळ आली तर मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा मार्ग खुला असतो.

घर पुरेसं नसतं ते कुठे?

मित्र घरी बनवता येत नाहीत. गृहाधारित शिक्षण घेणाऱ्या मुलालाही शाळेचा कार्यक्रम, खिचडीची सुट्टी, वाडीतली पोरं यांची सोबत लागते. आठवड्यातून एक दिवस तासभर का होईना, शाळेत नेता येईल का, हे मुख्याध्यापकांना विचारा.

दुसरा प्रश्न आईचा. घरची शाळा म्हटलं की बहुतेक घरांत ती एकट्या आईच्या अंगावर पडते. झोपाळ्याचं काम आजोबांकडे, चालायला नेणं बाबांकडे, बिया निवडणं आजीकडे, अशी वाटणी पहिल्याच दिवशी करा. नाहीतर दोन महिन्यांत आई थकते आणि वही बंद पडते.

शेवटी, मूल बोलण्यात, चालण्यात, नजर देण्यात मागे वाटत असेल तर 'होईल हळूहळू' म्हणत थांबू नका. तपासणीला नेणं आणि अंगणात खेळणं, दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करता येतं.