‘मेला’ आणि ‘मोर्तो’: अनियमित क्रियापदांचा इतिहास

रोमला अध्ययनासाठी जाणाऱ्या आपल्या धर्मगुरूंना इटालियन शिकताना अनियमित क्रियापदे फार छळतात. ‘आन्दारे’ म्हणजे जाणे. परंतु ‘मी जातो’ यास ‘वादो’ म्हणावे लागते. ‘फारे’ म्हणजे करणे, तर ‘केलेले’ ते ‘फात्तो’. याचे कारण इतिहासात आहे. ‘वादो’ हे ‘वादेरे’ या निराळ्याच लॅटिन क्रियापदाचे रूप होय; ‘फात्तो’ हे लॅटिन ‘फाक्तुम’पासून आले. जी क्रियापदे लोकांच्या तोंडी नित्य असतात, ती आपली जुनी रूपे सहसा सोडीत नाहीत. क्वचित वापरली जाणारी मात्र हळूहळू सामान्य नियमाखाली येतात.

मराठीतही असेच घडले आहे. ‘बस’चे ‘बसला’ होते. पण ‘कर’चे ‘केला’, ‘जा’चे ‘गेला’ आणि ‘मर’चे ‘मेला’. संस्कृत ‘कृत’, ‘गत’, ‘मृत’ ही रूपे प्राकृताच्या वाटेने येथवर पोहोचली. इटालियन ‘मोर्तो’ आणि आपले ‘मेला’ यांचे मूळ तर एकच आहे.

आपल्या देशी आलेल्या मिशनऱ्यांनाही ही वाट चालावी लागली. १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, राशोल येथे छापले गेले. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथून प्रसिद्ध झाले. त्यांना पंडित वैजनाथ यांचे साहाय्य होते. व्याकरण लिहिणाराही आधी शिष्य व्हावा लागतो, तो असा.

आता आपल्याच काळातील शिष्यांकडे पाहू. सुरत जिल्ह्यातील पलसाण्यासारख्या ठिकाणी वाढणारे मराठी मूल शाळेत गुजराती बोलते. गुजरातीने ‘गयो’ हे जुने रूप राखले, परंतु ‘कर’चे ‘कर्युं’ आणि ‘मर’चे ‘मर्यो’ नियमाने केले. असे मूल धर्मशिक्षणाच्या वर्गात ‘येशू क्रुसावर मरला’ म्हणाले, तर इतर मुले हसतात आणि ते पुढे बोलेनासे होते. धर्मशिक्षकाने येथे सावध असावे. मुलाला नियम उमगला आहे. अपवाद तेवढा कानावर पडायचा आहे. तो कोष्टकाच्या घोकंपट्टीने नव्हे, तर गोष्टी सांगून व त्याच्याकडून सांगवून घेऊन पक्का होतो.

‘आला’, ‘दिला’, ‘मेला’: शुभवर्तमान सांगताना ज्यांच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही, ती हीच अनियमित रूपे आहेत. ती शिकणाऱ्याला कोणी हसून गप्प करू नये.