ओरखडा बुजवणारे हात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गाडीवर ओरखडा पडला, की तो आधी मालकाच्या काळजावर पडतो. सोसायटीच्या आवारात कुणाच्या सायकलचे हँडल घासून जाते, सिग्नलजवळ रिक्षा चाटून जाते, हमरस्त्यावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडतो आणि बॉनेटवरच्या रंगाचा टवका काढतो. मग आपण रंगाऱ्याकडे जातो. दोन दिवसांनी गाडी परत घेताना आपण एकच गोष्ट पाहतो : लागले होते कुठे, ते कळते आहे का? कळत नसेल तर काम फर्मास! म्हणजे या कारागिराची कसोटीच अशी, की त्याचा हात फिरल्याची खूण मागे उरता कामा नये. ज्याचे यश न दिसण्यातच आहे, त्याचा इतिहास लिहिणार कोण?

मोटारीच्या रंगाचा इतिहास मात्र लिहिला गेला आहे. तो कारखान्यांचा आहे, कंपन्यांचा आहे, रसायनांचा आहे. त्यात रंगाऱ्याचा हात शोधायचा, तर दोन ओळींच्या मधले वाचावे लागते.

मोटार आली तेव्हा तिला रंग देण्याची रीत घोडागाडीचीच होती. तेलात खललेला रंग कुंचल्याने लावायचा, वाळू द्यायचा, प्युमिस दगडाच्या भुकटीने आणि पाण्याने घासायचा, पुन्हा लावायचा. असे अनेक थर झाल्यावर वर व्हार्निश. एक गाडी रंगवायला कित्येक आठवडे लागत. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात १९१३ साली सरकती जुळणी-रांग सुरू झाली आणि गाडी तासांच्या हिशेबात तयार होऊ लागली. एवढ्या घाईला रंगांचे लाड परवडेनात. १९०८ साली आलेली 'मॉडेल टी' आधी राखी, लाल, हिरव्या, निळ्या रंगांत मिळे. १९१४ ते १९२५ या काळात ती फक्त काळी मिळू लागली. काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि एकच असल्यामुळे सोयीचाही होता.

रंगांची दुनिया परत आणली ती बंदुकीच्या दारूने, असे म्हटले तर आश्चर्य वाटेल. ड्यू पाँ ही अमेरिकन कंपनी मुळात दारूगोळ्याची. धूर न करणाऱ्या दारूचा मूळ पदार्थ नायट्रोसेल्युलोज. त्यापासूनच या कंपनीने जनरल मोटर्सच्या साथीने झटपट वाळणारा रंग तयार केला. त्याचे नाव 'ड्युको'. १९२४ च्या मॉडेलची ओकलंड गाडी या रंगात निळीशार होऊन बाजारात आली. आठवड्यांचे काम तासांवर आले, कुंचला गेला आणि फवाऱ्याची बंदूक आली. आजही आपल्याकडे सुतार कपाटाबद्दल विचारतो, "साहेब, ड्युको करायचा की पॉलिश?" शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारीचा रंग असा आपल्या घरात नांदतो आहे.

कारखान्यातला हात असा कमी झाला. पण दुरुस्तीतला हात कमी झाला नाही. उलट, प्रत्येक नव्या रंगाबरोबर त्याच्यापुढे नवी अडचण उभी राहिली. एकाच गाडीला दोन रंग देण्याची फॅशन आली, तेव्हा एक रंग मारताना दुसरा झाकायचा कसा, हा प्रश्न पडला. रंगारी कागद चिकटवत. तो काढताना खालचा ताजा रंगही सोलून निघे. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात थ्री-एम कंपनीचा रिचर्ड ड्रू नावाचा तरुण पॉलिश पेपरचे नमुने घेऊन अशा गॅरेजमध्ये जात असे. रंगाऱ्यांचा वैताग त्याने पाहिला, आणि १९२५ साली मास्किंग टेप आली. सुरुवातीच्या टेपला चिकट थर पुरेसा नव्हता. ती गळून पडली, तेव्हा एका रंगाऱ्याने 'तुमच्या कंजूष साहेबांकडे परत न्या' असे सुनावले, अशी आख्यायिका आहे. ड्रूचे नाव इतिहासात राहिले, ते राहायलाच हवे. पण आख्यायिकेतल्या त्या रंगाऱ्याला नाव नाही. शोध त्याच्या त्राग्यातून लागला, तरी नोंद दुसऱ्याच्या नावावर झाली.

त्याआधी, १९२१ च्या सुमारास, याच कंपनीने पाण्यात भिजवून घासता येईल असा पॉलिश पेपर आणला होता. आपले रंगारी त्याला 'वॉटर पेपर' म्हणतात. वस्तू साधी, पण तिने रंगाऱ्याचा श्वास थोडा वाचवला. त्या काळच्या रंगात शिसे असे. कोरडे घासले की त्याची धूळ थेट छातीत जाई. पाण्याने ती खाली बसू लागली.

आपल्याकडे या कलेला भरभराट आली ती टंचाईमुळे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघे. तिचेच नाव १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाले. नवी गाडी घ्यायची तर वर्षानुवर्षे नंबर लागत नसे. मग हातात असलेली जपण्यावाचून इलाज काय? शिवाय या गाडीला वेगळी चौकट नव्हती. पत्र्याचे शरीर हीच तिची हाडे. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस टवक्यातून आत शिरला, की गंज नुसता दिसायला वाईट नसे. गाडी आतून पोखरली जाई. टवका बुजवणे ही हौस नव्हती, ते गाडीचे आयुष्य वाढवणे होते. त्यात काळ्यापिवळ्या टॅक्सीला आरटीओच्या 'पासिंग'आधी रंगरूप नीट करून घ्यावे लागे. टिंकरिंगवाला आणि रंगारी यांचे संसार या पासिंगवर चालले. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. निरोपाचे लेख पुष्कळ आले. तिला इतकी वर्षे उभे ठेवणाऱ्या हातांना मात्र कुणी निरोप दिला नाही.

हे हात करतात तरी काय? आधी नखाने पाहतात. ओरखड्यात नख अडकले नाही, तर घाव वरवरचा. कंपाउंड लावून घासले की भागते. नख अडकले, तर खोल. गंज असेल तर चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासायचे. मग भोवतालच्या जुन्या रंगाची कड उतरती करायची. पायरी राहिली, तर वर कितीही रंग मारा, ती उन्हात दिसणारच. मग अस्तर, म्हणजे प्रायमर. हा शब्द फारसीतून आला. कपड्याला आतून असते तेही अस्तर. मग पत्र्याच्या पातीने 'लांबी' भरायची, वाळली की वॉटर पेपरने घासायची. आणि इथे उस्ताद डोळे मिटून तळवा फिरवतो. कागदाइतका उंचसखलपणा डोळ्याला दिसत नाही, पण हाताला लागतो. हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते उस्तादाच्या तळव्यातून चेल्याच्या तळव्यात जाई, आणि मधे बरीच वर्षे नुसती लांबी घासण्यात जात.

१९८० नंतर गाड्यांचे रंग पुन्हा बदलले. आता रंगाचा थर अगदी पातळ आणि त्यावर काचेसारखा पारदर्शक लेप. पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे दोन केसांच्या जाडीइतके. जास्त घासले तर लेपच निघून जातो. 'मेटॅलिक' रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण असतात. फवारा किती अंतरावरून, किती ओला मारला, यावर ते कण कसे बसतात ते ठरते आणि तोच रंग वेगळा दिसतो. रंगारी जेव्हा म्हणतो, "एवढ्याशा ओरखड्याला अख्खा दरवाजा मारावा लागेल," तेव्हा तो दर वेळी लुबाडत नसतो. बंद खोलीतली भट्टी आणि संगणकावर जुळवलेली छटा ज्याच्याजवळ नाही, त्याच्याकडून मात्र विम्याचे काम निसटत चालले आहे.

आणि जो टिकला आहे, त्याच्यापुढे नवे विष आहे. आजच्या टिकाऊ रंगात मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट जातीची रसायने असतात. फवाऱ्यातून ती श्वासात गेली, तर कायमचा दमा जडू शकतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. नाकाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. त्याला स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून कडक मर्यादा आली. पण तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे. गाडीच्या रंगाशी रोज झुंजणाऱ्याला त्याचा आधार नाही.

आयटीआयमध्ये आज मोटारीच्या रंगकामाचा अभ्यासक्रम आहे, ही चांगली गोष्ट. पण तिथे शिकवताना म्हाताऱ्या उस्तादांनाही बोलवावे. त्यांचे सांगणे ध्वनिमुद्रित करावे, त्यांची नावे लिहून ठेवावीत. कोणत्या पावसाळ्यात लांबी का फुगते, खाऱ्या हवेत अस्तर किती वेळ उघडे ठेवायचे, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत आहे? आणि आपण गिऱ्हाइकांनी? बिल देताना पाच-पन्नास रुपयांची घासाघीस करण्याआधी एकदा विचारावे, "उस्ताद, मुखवटा आहे ना?" नसेल, तर पुढच्या ओरखड्याच्या आत तो आणून द्यावा.