टिंबानंतरची तीन अक्षरे

🧵 १/ १९९०च्या दशकात अँटिव्हायरस चालवताना वापरकर्त्यापुढे एक प्रश्न येई : ‘सर्व फाइली’ तपासायच्या की ‘फक्त प्रोग्रॅम फाइली’? आज क्षुल्लक वाटणाऱ्या या निवडीमागे एक गृहीतक होते. ते कसे ढासळले, त्याचा हा वृत्तान्त.

२/ डॉसच्या काळातील विषाणू दोन ठिकाणी वस्ती करीत. लाहोरमध्ये लिहिलेला ‘ब्रेन’ (१९८६) फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये राही; ‘जेरुसलेम’ (१९८७) कॉम आणि ईएक्सई फाइलींना चिकटे. पत्र किंवा हिशेब ही निव्वळ माहिती. ती वाचली जाते, चालवली जात नाही. मग तिला लागण होणार कशी? यंत्रेही मंद होती. संपूर्ण डिस्क तपासू लागावे, तर दिवसाचे काम खोळंबे. म्हणून टिंबानंतरची तीन अक्षरे पाहून फाइली निवडल्या जात. त्या काळाच्या मानाने हा निर्णय शहाणपणाचाच होता.

३/ १९९५ साली ‘कन्सेप्ट’ आला. तो होता वर्डच्या दस्तऐवजात, मॅक्रोच्या रूपाने. दस्तऐवज उघडताच तो वर्डच्या मूळ साच्यात, म्हणजे ‘नॉर्मल डॉट’मध्ये, शिरे आणि तेथून पुढच्या दस्तऐवजांत उतरे. विंडोज असो वा मॅकिन्टॉश, त्याला फरक पडत नसे. त्याच्या प्रसाराला मायक्रोसॉफ्टने अनवधानाने वितरित केलेल्या एका सीडीचाही हातभार लागला! त्याने नासधूस काही केली नाही. ‘पेलोड’ नावाच्या मॅक्रोत केवळ एक शेरा होता : मुद्दा सिद्ध करायला एवढे पुरेसे आहे.

४/ यादीत डीओसी आणि डॉट ही अक्षरे जोडली गेली. १९९६मध्ये एक्सेलवरील ‘लारू’ आला, तेव्हा एक्सएलएसही.

५/ पण खरी अडचण यादीच्या लांबीची नव्हती. वर्ड फाइलीचे नाव पाहत नसे, आशय पाही. मॅक्रो असलेल्या दस्तऐवजाला आरटीएफ असे निरुपद्रवी नाव दिले, तरी वर्ड तो उघडी आणि मॅक्रो चालवी. मग तपासनीसालाही फाइलीचे आरंभीचे बाइट वाचणे भाग पडले. ईएक्सईच्या आरंभी ‘एम झेड’ ही अक्षरे असतात (मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरे). कॉम फाइलीला मात्र अशी कोणतीच खूण नसते. पहिल्या बाइटपासून थेट सूचनाच सुरू होतात.

६/ मे २००० : फिलिपिन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ने माणसाच्या नजरेलाच चकवले. नावात टीएक्सटी दिसे. खरे शेपूट व्हीबीएस, जे विंडोज आपणहून झाकून ठेवी.

७/ उरली होती चित्रे. डिसेंबर २००५मध्ये डब्ल्यूएमएफ चित्रांतील दोष उघड झाला. छपाई मध्येच रद्द करता यावी म्हणून ठेवलेल्या जुन्या सोयीतून चित्रातला संकेत चालवता येत होता. फाइलीला जेपीजी नाव दिले, तरी विंडोज आतील खूण ओळखून तिला डब्ल्यूएमएफ म्हणूनच उघडी. त्यामुळे केवळ डब्ल्यूएमएफ नावाच्या फाइली अडवणे व्यर्थ ठरले. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती ५ जानेवारी २००६ रोजी दिली, नियोजित दिवसाच्या पाच दिवस आधी.