द्राक्षवेल : कीटकपरागण व फलधारणा

द्राक्षवेलीच्या (व्हायटिस व्हिनिफेरा) लागवडीतील बहुतेक वाणांना मणी धरण्यासाठी कीटकांची गरज नसते, आणि याचे कारण फुलाच्या रचनेत आहे. फूल हिरवट व जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे असते. त्याच्या पाच पाकळ्या टोकाशी जुळलेल्या असल्याने ते वरून उमलत नाही, तर पाकळ्या तळाशी सुटून टोपीसारख्या एकत्र गळतात आणि त्याच सुमारास पुंकेसरांवरील परागकोश फुटून परागकण लगतच्या कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या चिकट अग्रावर, पडतात. फुलोऱ्यावर पिशवी बांधून कीटकांना मज्जाव केला तरी या वाणांचे घड भरतात. मधमाश्या व भुंगेरे फुलोऱ्यावर येतात ते मुख्यतः परागकणांसाठी. त्यांच्यामुळे व वाऱ्यामुळे थोडेफार परपरागण होते, इतकेच.

रानवेलीत मात्र नरफुले व मादीफुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. माणसाने उभयलिंगी वेली निवडून वाढवल्याने दुसऱ्या वेलीच्या परागकणांवरचे हे परावलंबन बहुतांशी संपले, तरी काही जुन्या वाणांत ते उरले आहे. स्पेनमधील आल्मेरियाच्या ओहानेस वाणाच्या फुलात पुंकेसर असतात, पण परागकण रुजत नाहीत. त्यामुळे तेथील बागायतदार दुसऱ्या वाणाचे फुलोरे हाताने त्याच्या फुलोऱ्यांवर घासत असत. अमेरिकेच्या आग्नेय भागातील मस्कडाइन (व्हायटिस रोटुंडिफोलिया) या वेगळ्या जातीच्या स्कपर्नाँगसारख्या मादी वाणांजवळ परागकण देणारी वेल लावावी लागते, आणि तेथे कीटकांचे काम खरोखर मोलाचे ठरते.

अंडाशयात सर्वसाधारणपणे चार बीजांडे असतात. जितक्या बिया धरतात तितका मणी सहसा मोठा होतो, कारण वाढ घडवणारी संप्रेरके बियांत तयार होतात. बिनबियांची द्राक्षे परागणाविना येतात, हा समज चुकीचा आहे. थॉमसन सीडलेसमध्ये परागण व फलन दोन्ही होतात, परंतु गर्भाची वाढ लवकरच खुंटते आणि बीज कोवळेच राहते. अशा मण्यांचा आकार वाढवण्यासाठी नाशिक व सांगलीकडील बागायतदार घड जिबरेलिक आम्ल या वाढ-संप्रेरकाच्या द्रावणात बुडवतात.

महाराष्ट्रात ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या फळछाटणीनंतर वेल फुलोऱ्यात येते. त्या वेळी पाऊस वा थंडी असल्यास टोप्या नीट गळत नाहीत, परागकण वाहून जातात, केवडा (डाऊनी) हा रोग बळावतो आणि फुलांची गळ वाढते. ही हानी बागेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवून भरून निघत नाही.